नांगराचे तास आणि दूरचित्रवाणी

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८७६ साली टेलिफोन तयार केला आणि माणसाचा आवाज तारेतून दूरवर जाऊ लागला. लगेच अनेकांच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला. आवाज जातो, तर मग चित्र का जाऊ नये? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला पन्नास वर्षे लागली. उत्तर शोधणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांचे इंजिनियर होते, नामवंत शास्त्रज्ञ होते, आणि चौदा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगाही होता.

टेलिफोन म्हटले की बेल, विजेचा दिवा म्हटला की एडिसन, अशी नावे आपण पाठ करतो. दूरचित्रवाणी म्हटले की कोणते नाव आठवते? बहुतेकांना एकही आठवत नाही. फिलो फार्न्सवर्थ हे त्या मुलाचे नाव. त्याची कल्पना काय होती आणि तिचे पुढे काय झाले, ते आज पाहू.

एक तार आणि हजारो ठिपके

आधी अडचण कोठे होती ते समजून घ्या. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. कोणताही एक क्षण घेतला, तर त्या क्षणी टेलिफोनच्या तोंडाशी हवेचा दाब एकच असतो. तो वाढला की तारेतला प्रवाह वाढवायचा, तो कमी झाला की प्रवाह कमी करायचा. एका तारेचे एवढ्यावर भागते.

चित्राचे तसे नाही. तुमच्या समोरच्या भिंतीवर एखादे छायाचित्र असेल तर त्याकडे पाहा. एकाच क्षणी त्यात कोठे काळे आहे, कोठे पांढरे, कोठे करडे. प्रत्येक जागेचा उजेड वेगळा. तारेतून मात्र एका वेळी एकच प्रवाह जाऊ शकतो. मग हजारो जागांसाठी हजारो तारा टाकायच्या का?

यावर तोड एकच होती. सगळे चित्र एकदम पाठवायचेच नाही. त्याचे बारीक ठिपके करायचे आणि एकामागून एक, ओळीने पाठवायचे. तुम्ही पुस्तकाचे पान असेच वाचता. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. पलीकडच्या टोकाला त्याच क्रमाने ठिपके मांडले की चित्र पुन्हा उभे राहील.

पण ठिपके एकेक करून आले, तर डोळ्याला अखंड चित्र कसे दिसेल? त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. अंधारात पेटलेली उदबत्ती गरगर फिरवली की हवेत लाल वर्तुळ दिसते. खरे तर निखारा एका वेळी एकाच जागी असतो; पण डोळ्यावर उमटलेला प्रकाश क्षणभर टिकतो, म्हणून वर्तुळ भासते. सेकंदाला वीस-पंचवीस वेळा सगळे चित्र नव्याने रंगवता आले, तर डोळा फसेल. अडचण उरली ती वेगाची.

भोकांची तबकडी

जर्मनीत बर्लिन येथे शिकणाऱ्या पॉल निप्को या तरुणाने १८८४ साली एक युक्ती सुचवली. एक गोल तबकडी घ्यायची. तिच्यावर कडेपासून आत सरकत जाणारी, गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी भोकांची माळ पाडायची. तबकडी एका लहान खिडकीसमोर फिरवली की पहिले भोक चित्राच्या वरच्या कडेवरून सरकेल, दुसरे त्याच्या किंचित खालून, तिसरे आणखी खालून. तबकडीचा एक फेरा झाला की सगळे चित्र ओळीओळीने वाचून होते. भोकातून आलेला उजेड प्रकाशाला संवेदनशील अशा घटावर पाडायचा, म्हणजे उजेडाप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त होईल.

स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्डने हीच युक्ती वापरून २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये हलते चित्र दूर पाठवून दाखवले. त्याच्या चित्रात ३० ओळी होत्या. माणसाचा चेहरा ओळखू यायचा, एवढेच. पण जगाने पहिल्यांदा दूरचित्रवाणी पाहिली ती अशी.

मग अडले कोठे? आपण हिशेबच करू. जितक्या ओळी, तितकी भोके. आणि दोन भोकांमधले अंतर चित्राच्या रुंदीएवढे असावे लागते. भारतात दूरदर्शन सुरू झाले तेव्हा त्याच्या चित्रात ६२५ ओळी होत्या. समजा, खिडकी काडेपेटीएवढी, केवळ ४ सेंटिमीटर रुंद आहे. तर तबकडीचा परीघ ६२५ गुणिले ४, म्हणजे २५०० सेंटिमीटर किंवा २५ मीटर झाला पाहिजे. व्यास जवळजवळ ८ मीटर! आणि सेकंदाला २५ चित्रे हवीत, म्हणजे ही तबकडी सेकंदाला २५ वेळा फिरायला हवी. तिच्या कडेचा वेग सेकंदाला ६२५ मीटर होईल. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरणारी, दुमजली घराएवढी तबकडी घरात कोण ठेवील? शिवाय भोके इतकी बारीक होतील की त्यातून उजेड येणार कितीसा?

सारांश, चाके आणि तबकड्या यांची येथे धाव संपते. ज्याला जवळजवळ वजनच नाही, अशी एखादी वस्तू फिरवायला हवी होती.

रिग्बीचा शेतकरी मुलगा

फिलो फार्न्सवर्थचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात झाला. तो बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच्या घरचे आयडाहो राज्यात रिग्बी गावाजवळ शेती करू लागले. या नव्या घरी दोन गोष्टी त्याला सापडल्या. एक म्हणजे वीज तयार करणारे जनित्र, आणि दुसरी म्हणजे माळ्यावर पडलेली विज्ञानाची जुनी मासिके. जनित्र बिघडले की दुरुस्त करायला फिलो, आणि रात्री मासिके वाचत बसायलाही फिलोच. त्या मासिकांतून त्याला इलेक्ट्रॉनची ओळख झाली, आणि चित्र दूर पाठवण्याची खटपट चालू असल्याचेही कळले. तबकड्यांनी हे काम होणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले.

१९२१ साली, चौदा वर्षांचा असताना, तो घोड्यांचे औत धरून शेतात काम करत होता. ओळीला लागून ओळ अशी जमीन उलटत चालली होती. आपल्याकडे शेतकरी नांगराच्या अशा एकेका ओळीला तास म्हणतात. मागे वळून पाहताना ते एकाशेजारी एक पडलेले तास त्याला दिसले आणि त्याला सुचले की इलेक्ट्रॉनांच्या झोताने चित्र असेच, तासातासाने, नांगरता येईल, असे सांगतात. इलेक्ट्रॉन इतका हलका असतो की चुंबकाने त्याला हवे तिकडे वळवता येते, आणि तेही डोळ्याचे पाते लवण्याआधी हजारो वेळा.

फळ्यावरची आकृती

कल्पना सुचली, पण सांगणार कोणाला? रिग्बीच्या शाळेत जस्टिन टॉलमन नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. फिलो खालच्या वर्गात होता. तरी वरच्या वर्गाचा रसायनशास्त्राचा तास मला ऐकू द्या, म्हणून तो त्यांच्यामागे लागला. टॉलमन सरांनी त्याला बसू दिले आणि शाळेच्या वेळेबाहेरही ते त्याला शिकवू लागले.

१९२२ साली एके दिवशी फिलोने वर्गातला फळा आकृत्यांनी भरून टाकला. याचा रसायनशास्त्राशी काय संबंध, असे सरांनी विचारले. तेव्हा त्याने आपली दूरचित्रवाणीची कल्पना पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितली. सरांनी ऐकून घेतले, शंका विचारल्या, त्यांची उत्तरे मागितली. फिलोने वहीच्या कागदावर नळीची एक आकृती काढून त्यांना दिली.

या प्रसंगाकडे नीट पाहा. शेतावरचा एक मुलगा जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांना न सुटलेला प्रश्न सोडवल्याचे सांगतो आहे. त्याला हसून घालवून देणे सोपे होते. टॉलमन सरांनी तसे केले नाही. ऐकून घेण्याच्या या गोष्टीला पुढे किती मोल येणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

चित्र सरकवणारी नळी

त्या आकृतीत काय होते? काचेची एक नळी, आतली हवा काढून टाकलेली. तिच्या एका टोकाला प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या धातूचा पातळ लेप. सीझियम हा असा एक धातू आहे. कॅमेऱ्याप्रमाणे भिंगाने समोरच्या वस्तूची प्रतिमा या लेपावर पाडायची. जेथे उजेड जास्त तेथून पुष्कळ इलेक्ट्रॉन सुटतील, जेथे अंधार तेथून थोडे. म्हणजे प्रकाशाच्या चित्राचे इलेक्ट्रॉनांचे चित्र झाले.

हे इलेक्ट्रॉन नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धन विद्युतभाराने ओढून घ्यायचे. वाटेत ते विस्कटू नयेत म्हणून नळीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे. दुसऱ्या टोकाला असेल एकच बारीक छिद्र. आता आणखी काही वेटोळ्यांतून प्रवाह कमीजास्त करून ते सगळे इलेक्ट्रॉन-चित्रच डावीउजवीकडे आणि वरखाली सरकवायचे. चित्राचा एकेक ठिपका ओळीने छिद्रासमोर येईल, आणि छिद्रातून जेवढे इलेक्ट्रॉन आत शिरतील तेवढा प्रवाह तारेतून वाहील.

निप्कोच्या तबकडीत चित्र स्थिर आणि भोक फिरते. फिलोने ते उलट केले. भोक स्थिर ठेवले आणि चित्र फिरवले. बंद दाराच्या किल्लीच्या भोकाला तुम्ही डोळा लावून बसला आहात आणि आतून कोणी एक मोठे चित्र त्या भोकासमोरून ओळीओळीने सरकवतो आहे, अशी कल्पना करा. एकही चाक नाही, एकही तबकडी नाही. सेकंदाला पंधरा हजार ओळी वाचायच्या म्हटल्या, तरी हलतात ते केवळ इलेक्ट्रॉन.

चित्र पाहण्यासाठी वापरायची नळी तर आधीच तयार होती. जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनने १८९७ साली ती बनवली होती. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत चकाकणाऱ्या पडद्यावर आदळतो आणि तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो.

एक सरळ रेघ

फिलोचे वडील १९२४ च्या आरंभी वारले. घरची जबाबदारी आली, विद्यापीठातले शिक्षण अर्धवट राहिले. मात्र १९२६ साली काही गृहस्थांनी त्याच्या कल्पनेसाठी पैसे गुंतवले, आणि सॅन फ्रान्सिस्को शहरात ग्रीन स्ट्रीटवर त्याची छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. काचेच्या नळ्या फुंकून तयार करण्याचे काम त्याचा मेव्हणा क्लिफ गार्डनर याने अंगावर घेतले. ७ जानेवारी १९२७ रोजी फिलोने पेटंटसाठी अर्ज केला.

७ सप्टेंबर १९२७ रोजी प्रयोग ठरला. एका खोलीत कॅमेरा-नळी, दुसऱ्या खोलीत पाहण्याची नळी. काळ्या रंगाने माखलेल्या काचेवर एक रेघ कोरलेली होती आणि तिच्यामागे प्रखर दिवा. दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर रेघ उमटली. पण ती खरेच चित्रातली रेघ आहे, की यंत्रातलाच काही दोष? क्लिफने काच फिरवली. पडद्यावरची रेघही फिरली! शंका फिटली. फिलोचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

जुनी आकृती पुन्हा निघते

याच काळात रशियातून अमेरिकेत आलेला व्लादिमीर झ्वोरिकिन हा इंजिनियरही विजेच्या दूरचित्रवाणीवर काम करत होता. त्याने १९२३ सालीच पेटंटसाठी अर्ज केला होता. तो पुढे आरसीए या बलाढ्य कंपनीत गेला. १९३० साली तो फिलोची प्रयोगशाळा पाहूनही आला. त्याच वर्षी फिलोला पेटंट मिळाले. पण आधी शोध कोणाचा, यावर आरसीएने वाद उभा केला.

या वादात टॉलमन सरांची साक्ष झाली. १९२२ साली आपल्या विद्यार्थ्याने काय समजावून सांगितले होते ते त्यांनी सांगितले आणि ती आकृती काढून दाखवली. १९३४ साली पेटंट कार्यालयाने निकाल फिलोच्या बाजूने दिला. पण केवळ त्या आकृतीमुळे तो जिंकला, असे मात्र समजू नका. फिलोच्या पेटंटचा गाभा होता ते इलेक्ट्रॉनांचे चित्र. आणि झ्वोरिकिनच्या १९२३ च्या अर्जात तसे चित्र तयार होत नाही, हे निकालात महत्त्वाचे ठरले. तरीही एका खेड्यातल्या शाळेचा शिक्षक बारा वर्षांपूर्वीचा एक तास इतका नेमका आठवून सांगू शकतो, ही गोष्ट विलक्षणच होती. १९३९ साली आरसीएने फिलोशी करार करून त्याचे पेटंट वापरण्यासाठी दहा लाख डॉलर देण्याचे कबूल केले.

मग नाव का राहिले नाही?

याची कारणे समजून घ्यायला हवीत, कारण ती सगळीच अन्यायाची नाहीत.

पहिले कारण शास्त्रीय आहे. फिलोच्या नळीत एक मोठी उणीव होती. समजा, चित्राचे ४०,००० ठिपके आहेत. कोणत्याही क्षणी छिद्रातून जातात ते एकाच ठिपक्याचे इलेक्ट्रॉन. बाकीच्या ३९,९९९ ठिपक्यांचे इलेक्ट्रॉन त्या क्षणी वाया जातात. त्यामुळे या कॅमेऱ्याला फार प्रखर उजेड लागे. झ्वोरिकिनच्या कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी होती. पावसात पागोळ्यांखाली भांडी मांडून ठेवावीत, तशी त्यात प्रत्येक ठिपक्याला जणू आपली वाटी होती. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक वाटीत विद्युतभार साठत राही. साठवणुकीची ही कल्पना हंगेरीच्या काल्मान तिहान्यी यानेही १९२६ साली मांडली होती. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला जपानमध्ये केन्जिरो ताकायानागीने ब्राउनच्या नळीवर जपानी लिपीतले ‘इ’ हे अक्षर उमटवून दाखवले होते. म्हणजे दूरचित्रवाणी एकट्याची नाही. तिच्यात अनेकांचा वाटा आहे, आणि फिलोचा वाटा फार मोठा आहे.

दुसरे कारण काळाचे. अमेरिकेत त्या वेळी पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ साली दूरचित्रवाणी संच बनवणे बंद झाले. युद्ध संपून घरोघरी संच जाऊ लागले, तोवर १९३० सालच्या पेटंटची मुदत १९४७ मध्ये संपली.

तिसरे कारण प्रसिद्धीचे. मोठ्या कंपनीकडे वर्तमानपत्रे होती, जाहिराती होत्या, प्रदर्शने होती. १९५७ साली फिलो एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात पाहुणा म्हणून आला. या माणसाचे गुपित काय, ते तेथल्या चौघांनी ओळखायचे होते. ज्या पेटीतून लाखो लोक त्याला पाहत होते ती पेटी त्याचाच शोध होती, पण ते चौघांपैकी एकालाही ओळखता आले नाही. ११ मार्च १९७१ रोजी तो वारला.

पुढची गंमत ऐका. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याला आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे ठेवता येतात. तेथे फिलोचा पुतळा असावा, ही मागणी युटातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी लावून धरली, आणि १९९० साली तो बसला. २०२४ साली त्याच्या जागी युटाच्याच दुसऱ्या एका थोर व्यक्तीचा, डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन यांचा, पुतळा आला. पण मोठ्यांनी विसरलेले नाव शाळकरी मुलांनी तेथवर नेले होते, हे खरे.

तास अजून आहेत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हापासून कितीतरी वर्षे आपल्या घरांतले संच काचेच्या जाड नळीचे होते. आता त्या नळ्या गेल्या. पण तास गेले नाहीत. चपट्या पडद्यावरही चित्र ओळीओळीनेच भरले जाते. मोबाइलच्या बहुतेक कॅमेऱ्यांतही चित्र एकदम टिपले जात नाही, ओळीओळीने वाचले जाते.

हे तुम्हाला तपासता येईल. भर उजेडात, खिडकीजवळ, वेगाने फिरणाऱ्या पंख्याचा मोबाइलने फोटो काढा. पाती वाकडी, कोयत्यासारखी दिसतील. वरची ओळ वाचल्यानंतर खालची ओळ वाचेपर्यंत पाते पुढे सरकलेले असते, म्हणून ते वाकलेले उमटते.

करून पाहा

दोन मित्र आणि चौकटींचे दोन कागद घ्या. प्रत्येक कागदावर १२ ओळी आणि १२ स्तंभ, म्हणजे १४४ घरे आखा. एकाने आपल्या कागदावर घरे काळी करून एखादे अक्षर काढावे. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे. पहिल्याने डावीकडून सुरुवात करून ओळीने ‘काळे, पांढरे, पांढरे, काळे’ असे ओरडत जावे, दुसऱ्याने तशी घरे भरावीत. शेवटी कागद ताडून पाहा.

मग पुन्हा खेळा. पण या वेळी दुसऱ्याने आपल्या कागदावर १२ ऐवजी १३ घरांची ओळ धरावी. अक्षराचे काय होते? ते तसे का होते? ओळ कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे दोन्ही टोकांना कळावे, म्हणून चित्राबरोबर आणखी काय पाठवावे लागेल?

उत्तर सुचले की वहीत आकृतीसह लिहा, खाली तारीख घाला, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना फळ्यावर समजावून सांगा.